औद्योगिक सुरक्षेचं शिक्षण: कोर्स निवडण्यापासून पहिल्या नोकरीपर्यंत

डिप्लोमा किंवा बी.एस्सी. करून एखाद-दोन वर्षं एमआयडीसीत काढली की बऱ्याच जणांना कधी ना कधी 'सेफ्टी'चा कोर्स करावासा वाटतो. कामाला मान आहे, मागणी आहे, आखाती देशांतल्या साइटवर जायची वाटही त्यातून निघते. पण मागणी वाढली तसा कोर्सचा बाजारही वाढला आहे. घरच्यांनी साठवलेले पैसे भलत्याच सर्टिफिकेटवर खर्च झाल्याचं मुलांना पहिल्या मुलाखतीत कळतं, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख महाराष्ट्रात राहून हा विषय शिकू पाहणाऱ्यांसाठी, सुरुवातीपासून सुरुवात करून.

आधी ठरवा, यातलं कुठलं काम करायचंय

बाहेरून पाहणाऱ्याला सगळंच 'सेफ्टी' वाटतं. आत आल्यावर तीन-चार वेगळी कामं दिसतात.

यंत्रं, क्रेन, बॉयलर, उंचीवरचं काम, स्फोटक रसायनं यांतून होणारे अपघात टाळणं ही सुरक्षा अभियांत्रिकी. सेफ्टी ऑफिसरचं बहुतेक काम यात येतं. धूळ, वायू, आवाज, उष्णता यांची मोजमापं घेऊन माणसाचं शरीर वर्षानुवर्षं किती सोसतंय ते पाहणं म्हणजे इंडस्ट्रियल हायजीन. या बाजूला आपल्याकडे माणसं फार कमी आहेत. रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र आवडत असेल तर तिकडे जरूर बघा. तिसरी बाजू डॉक्टरांची. एमबीबीएस झालेल्यांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा एएफआयएच हा अभ्यासक्रम असतो आणि तो केलेले डॉक्टर कारखान्यात वैद्यकीय अधिकारी होतात.

आग विझवणं हे चौथं आणि वेगळं काम. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय त्यासाठी देशभर ओळखलं जातं. 'फायर अँड सेफ्टी' असा जोडशब्द असलेल्या खाजगी कोर्सच्या जाहिराती गावोगावी दिसतात. त्यातल्या अनेक कोर्समध्ये फायरचा भाग मोठा आणि सेफ्टी नावापुरती असते. तो कोर्स करून अग्निशमन दलात किंवा फायरमन म्हणून काम मिळेलही, पण कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर होता येईलच असं नाही. का, ते पुढच्या पायरीवर.

तो कोर्स कायद्याला चालतो का, ते तपासा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊच नका.

कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४०-बी प्रमाणे हजार किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणं बंधनकारक होतं. काम धोक्याचं असेल तर त्याहून लहान कारखान्यालाही सरकार तसं सांगू शकत होतं. या अधिकाऱ्याची पात्रता महाराष्ट्राच्या १९८२ च्या सुरक्षा अधिकारी नियमांत ठरवलेली आहे. ढोबळमानाने तिचे तीन पाय आहेत. पहिला, इंजिनिअरिंगची पदवी किंवा पदविका, नाहीतर भौतिकशास्त्र-रसायनशास्त्रातली पदवी, आणि तिच्या जोडीला कारखान्यात सुपरवायझर म्हणून काही वर्षांचा अनुभव. इंजिनिअरिंगच्या पदवीवाल्यांना हा अनुभव कमी वर्षांचा लागतो, बाकीच्यांना जास्त. दुसरा, राज्य सरकारने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेतली पदवी किंवा पदविका. तिसरा पाय मला फार मोलाचा वाटतो: त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा नीट येणं. धोका कामगाराला त्याच्या भाषेत सांगता आला नाही तर बाकीची पात्रता निरुपयोगी आहे, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं.

आता कायदा बदलला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि कारखाने अधिनियमासह तेरा जुने कायदे तिच्यात आले. संहितेत सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा कारखान्यासाठी ५०० कामगार, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यासाठी २५०, बांधकामासाठी २५० आणि खाणीसाठी १०० अशी आहे. म्हणजे जागा वाढणार, बांधकामावर तर नक्कीच. त्याच संहितेत 'कारखाना' म्हणवून घ्यायची मर्यादाही वर गेली. वीज वापरणाऱ्या ठिकाणी ती १० कामगारांची होती, आता २० ची झाली. लहान शेडमधल्या कामगाराकडे बघणार कोण, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. विद्यार्थ्यांनी तो आपल्या शिक्षकांना विचारायला हवा. प्रवेश घेण्याआधी राज्याचे सध्याचे नियम काय म्हणतात ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून, म्हणजे सगळे ज्याला 'डिश' म्हणतात तिथून, समजून घ्या. आणि जुना कायदाही वाचाच. मुलाखतीत अजूनही '४०-बी' आणि '४१-जी' (सुरक्षेच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग) याच भाषेत प्रश्न येतात.

महाराष्ट्रात दुसऱ्या पायासाठी सर्वांत रुळलेली वाट म्हणजे एक वर्षाची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका, बोलीभाषेत 'एडीआयएस'. मुंबईत सायनची केंद्रीय श्रम संस्था यासाठी सर्वांत जुनी आणि नावाजलेली जागा आहे. तिथे जागा मोजक्या आणि चुरस मोठी. त्याखेरीज राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न असलेल्या खाजगी संस्थाही हा अभ्यासक्रम चालवतात. अशा संस्थेत गेलात की फी विचारण्याआधी मंडळाचं या वर्षीचं संलग्नतेचं पत्र मागा. मागच्या वर्षीचं दाखवलं तर थांबा. 'सरकारमान्य', 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त', 'आयएसओ प्रमाणित' हे शब्द फलकावर कुणीही लिहू शकतं. पदविका कोण देणार, मार्कशीटवर कुणाचं नाव असणार, एवढं विचारलं की बहुतेक उलगडा होतो.

नेबॉशबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. नेबॉशचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र ब्रिटिश संस्थेचं आहे, अभ्यासक्रम चांगला आहे आणि दुबई, कतार, ओमानच्या साइटवर त्याला किंमत आहे. पण भारतातल्या कारखान्यात कायद्याने लागणाऱ्या पदविकेची जागा ते घेत नाही. अमेरिकेच्या 'ओशा'च्या, म्हणजे तिथल्या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेच्या, ३० तासांच्या कार्डाचं तर त्याहून पुढे. ते निव्वळ जागृतीचं प्रशिक्षण आहे, पात्रतेचं प्रमाणपत्र नाही, असं ती संस्था स्वतःच सांगते. तुमचा डोळा आखातावर असेल आणि हाताशी अनुभव असेल तर नेबॉश करा. इथे राहायचं असेल तर आधी पदविका. दोन्ही एकदम करायची घाई नको.

पदविका की विद्यापीठाची पदवी?

बारावीनंतरच हा विषय पक्का ठरला असेल तर कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात सेफ्टी अँड फायर इंजिनिअरिंगचं बी.टेक. आहे. इंजिनिअरिंगनंतर खोलात जायचं असेल तर तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत औद्योगिक सुरक्षा अभियांत्रिकीचं एम.टेक. आहे. रिफायनरी, खत कारखाने, सल्लागार कंपन्या, जोखमीचं गणित करणाऱ्या नोकऱ्या यांसाठी एम.टेक. उपयोगी पडतं.

माझं मत विचाराल तर आधी केमिकल, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलची पदवी घ्या, दोन-तीन वर्षं उत्पादनात किंवा मेंटेनन्समध्ये काढा आणि मग या विषयाकडे या. ज्याने रात्रपाळीत बंद पडलेला पंप स्वतः चालू केला आहे, त्याला वर्क परमिट, म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्याआधीची लेखी परवानगी, का लागते ते एका वाक्यात कळतं. बारावीनंतर थेट आलेल्या विद्यार्थ्याने निदान सुट्ट्यांत कारखान्यात काम करावं.

वर्ग सुरू होण्याआधी

रसायनशास्त्राचं बारावीचं पुस्तक पुन्हा काढा. ज्वलनशीलता, बाष्पदाब, आम्ल-आम्लारी हे पक्कं हवं. गणितात लॉगॅरिदम आणि संभाव्यता. कायद्याची कलमं पाठ करायच्या मागे लागू नका, ती वापरता वापरता लक्षात राहतात. जवळच्या कारखान्यात कुणी ओळखीचं असेल तर एखाद्या रसायनाची 'एसडीएस', म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक, मागून घ्या आणि तिचे सोळाही भाग वाचून काढा. पहिल्यांदा अर्धं कळणार नाही. वर्षाअखेरीस तीच पत्रिका पुन्हा वाचा.

वर्षभर कशावर जोर द्यायचा

अभ्यासक्रमात विषय पुष्कळ असतात: यंत्रसुरक्षा, विद्युतसुरक्षा, अग्निसुरक्षा, बांधकाम, रासायनिक धोके, पर्यावरण, कायदा, व्यवस्थापन. सगळ्याच्या मुळाशी नियंत्रणाची एक उतरंड आहे. धोका मुळातूनच काढता येतो का? नाही तर त्याऐवजी कमी धोक्याचं काही वापरता येईल का? तेही नाही तर मध्ये अडसर, गार्ड, एक्झॉस्ट उभारता येईल का? त्यानंतर कामाची पद्धत, पाळ्या, परमिट. हेल्मेट, मास्क, हार्नेस सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही उतरंड उलटी चालते आणि सेफ्टी ऑफिसर म्हणजे हेल्मेट घाला म्हणणारा माणूस, असा समज होऊन बसतो.

मोजमापाचे तास चुकवू नका. एक उदाहरण घेऊ. आपल्या कारखाना नियमांत आवाजाची मर्यादा आठ तासांसाठी ९० डेसिबल आहे आणि दर पाच डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९५ ला चार तास, १०० ला दोन तास. आता एक कामगार दोन तास ९५ डेसिबलच्या ग्राइंडरवर आणि चार तास ९० डेसिबलच्या प्रेसजवळ असतो, उरलेला वेळ शांत जागी. हिशोब असा: दोन भागिले चार, अधिक चार भागिले आठ, म्हणजे बरोबर एक. कागदावर तो मर्यादेत बसला. हाच माणूस अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या शिफारशीने मोजा. तिथे आठ तासांना ८५ डेसिबल आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशोबाने त्याच्या कानांवर मर्यादेच्या चौपटीहून जास्त भार पडतो. त्याचे कान तेच, आवाजही तोच. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने केलं की नियम पाळणं आणि माणूस सुरक्षित असणं यातलं अंतर कायमचं ध्यानात राहतं.

दुसरा धडा बंदिस्त जागेचा, म्हणजे टाकी, गटार, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाचा) खड्डा, सायलो (माल साठवायची उंच कोठी). सांडपाण्यातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्रमाण वाढलं की तोच वायू नाकाची वास ओळखण्याची शक्ती मारतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस खाली उतरतो आणि कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या दर वर्षी येतात, मरणारे बहुतेक ठेकेदाराचे कामगार असतात. म्हणून गॅस डिटेक्टर हाताळायला शिका. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी, याच क्रमाने. हवेपेक्षा जड वायू तळाशी बसतो, म्हणून नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तिन्ही ठिकाणी तपासणी. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत पाय नाही. आणि वर उभ्या राहणाऱ्याने कुठल्याही परिस्थितीत नुसत्या अंगाने खाली उतरायचं नाही, ट्रायपॉड आणि दोर आधी लावलेला हवा.

व्यावसायिक आजारांचा पेपर बरेच जण पाठांतराचा समजतात. तो आपल्या इतिहासाशी जोडून वाचा. गिरणगावात कापसाच्या धुळीने कामगारांना बिसिनोसिस व्हायचा. सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची खूण. साखर कारखान्यांच्या आवारात साठलेल्या बुरशीच्या बगॅसमधून बगॅसोसिस होतो. खडी क्रशरच्या धुळीतून सिलिकोसिस होतो आणि पुष्कळदा त्यावर क्षयाचे उपचार चालू राहतात, कारण रुग्ण काय काम करतो हे दवाखान्यात कुणी विचारत नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इटलीत होऊन गेलेले रामाझ्झिनी हे वैद्य रुग्णाला त्याचा धंदा विचारायचा आग्रह धरत होते. या शास्त्राचं मूळ तिथेच आहे.

अपघाताची चौकशी: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

अपघाताच्या रिपोर्टात 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे कारण इतक्या वेळा दिसतं की नव्या विद्यार्थ्याला ते खरंच वाटू लागतं. या कोर्समध्ये तुम्ही एकच सवय लावून घ्यायची ठरवलीत, तर ती या दोन शब्दांपाशी न थांबण्याची असू द्या.

वर्गात करायला एक नमुना देतो. पॉवर प्रेसवर एका हेल्परची दोन बोटं गेली. रिपोर्ट म्हणतो, त्याने हात डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, घातला. हात का घातला? पार्ट डायमध्ये अडकला होता. का अडकत होता? पार्ट बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग तुटलेली होती, आधीच्या पाळीने मेंटेनन्सला सांगितलंही होतं, पण डिस्पॅच अडेल म्हणून मशीन सोडलं नव्हतं. मशीनला दोन बटणं आहेत, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय स्ट्रोक यायला नको. मग एक हात आत असताना स्ट्रोक आला कसा? एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. का? एका हाताने पार्ट भरला तरच ताशी टार्गेट पूर्ण होतं, सुपरवायझरही हे रोज बघत होता. आता खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न: टेप लावल्यावर मशीन चाललंच कसं? दोन्ही बटणं सोडून पुन्हा जवळपास एकाच क्षणी दाबल्याशिवाय स्ट्रोक देणार नाही, असं कंट्रोल सर्किट बसवता येतं. ते घेतलं नव्हतं. आणि तो हेल्पर ठेकेदाराकडून नुकताच आलेला, प्रशिक्षणाच्या रजिस्टरवर त्याची सही आहे, पण ज्या दिवशी प्रशिक्षण झालं म्हणतात तेव्हा तो प्रेसवर कामाला होता.

आता उपाय लिहा. 'कामगारांना समज देण्यात आली' हे वाक्य लिहायला हात धजणार नाही.

जगातल्या मोठ्या अपघातांचा अभ्यास याच पद्धतीने करा. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता, ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी तोच पंप चालू केला. पाळी बदलताना तोंडी आणि लेखी काय सांगितलं जातं, हे बघायला तुम्ही कुठल्याही कारखान्यात गेलात तर हा अपघात आठवा. भोपाळ तर वाचलंच पाहिजे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री थंड ठेवायची यंत्रणा, वायू धुऊन काढणारा स्क्रबर, वायू जाळून टाकणारा फ्लेअर, या तिन्हींपैकी एकही कामाला आलं नाही. कारखाने अधिनियमात १९८७ साली धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण आलं ते या घटनेनंतर. जवळचं हवं असेल तर २०१६ आणि २०२४ चे डोंबिवली एमआयडीसीतले स्फोट घ्या आणि कारखाना आणि घरं यांत किती अंतर असावं, या प्रश्नावर नकाशा घेऊन बसा.

प्रोजेक्ट

बहुतेक जण मोठ्या कंपनीत जाऊन तिथलंच सेफ्टी मॅन्युअल थोडं फिरवून प्रोजेक्ट म्हणून देतात. गुण मिळतात, शिकायला काही मिळत नाही. त्याऐवजी जिथे सेफ्टी ऑफिसर पोचत नाही अशी जागा घ्या. गावाजवळचा खडी क्रशर, वेल्डिंगचं दुकान, इमारतीचं स्लॅबचं काम, भंगार तोडणारे. शेतीही घ्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. भर उकाड्यात रबरी हातमोजे आणि मास्क घालून दिवसभर फवारणी शक्य आहे का, नसेल तर उतरंडीतली वरची पायरी कुठली, हा उत्तम प्रोजेक्ट आहे. मोजमापाची उपकरणं संस्थेकडून मागून घ्या. कामगारांशी बोलताना आधी त्यांचं काम समजून घ्या, प्रश्नावली नंतर काढा. आणि जे सापडलं ते त्यांना सोप्या मराठीत किंवा हिंदीत परत जाऊन सांगा.

पहिली नोकरी

पहिल्या महिन्यात नियम सांगत फिरू नका. तिन्ही पाळ्यांत एकेक आठवडा घालवा. रात्री दोनला कँटीनमध्ये जे कळतं ते सेफ्टी कमिटीच्या बैठकीत कळत नाही. फिटर, क्रेन ऑपरेटर, बॉयलर अटेंडंट, सफाईवाल्या मावशी यांची नावं पाठ करा. टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू करण्याआधी कामगारांशी सुरक्षेबद्दल बोलणं, पाच मिनिटांचा ठेवा आणि त्या दिवशीच्या त्याच कामाबद्दल बोला.

वर्क परमिटवर जागा न बघता सही करायची नाही. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळू द्या. 'साहेब, रोजचंच काम आहे' म्हणत कुणी कागद पुढे करेल, त्याच्याबरोबर चालत जा. व्हॉल्व्हला कुलूप आहे का, टॅग आहे का, गॅस तपासला का, ते स्वतः बघा. शटडाऊनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना, एका दिवशी ढीगभर परमिट येतात, तेव्हा वरिष्ठांकडे जास्तीचा माणूस मागा.

कामगाराने 'थोडक्यात वाचलो' असं सांगितलं की ते रजिस्टरमध्ये घ्या, त्यावर काय केलं ते आठवड्याच्या आत त्याच माणसाला जाऊन सांगा आणि सांगणाऱ्याला मेमो मिळणार नाही एवढी हमी व्यवस्थापनाकडून घेऊन ठेवा. तसं झालं नाही तर पुढच्या वेळी कुणी सांगायला येणार नाही. तुमच्या शिफारशी तोंडी देऊ नका. काय दिसलं, काय करायला हवं, कधीपर्यंत, एवढं चार ओळींत ईमेलने पाठवा. खर्चाचं कारण देऊन काम पुढे ढकललं तर तेही उत्तर लेखी मागा आणि तोवर ते मशीन कसं चालवायचं, की बंद ठेवायचं, हे प्लांट मॅनेजरकडून त्याच दिवशी ठरवून घ्या.